स्थळप्रत

इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं चाळणाऱ्यांना एक लेबल नक्की ओळखीचं असेल. पीडीएफ उघडली की आधी मळकं कव्हर येतं, मग बारकोडची चिठ्ठी आणि मग छापील लेबल: 'मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणें. स्थळप्रत.' त्याखाली अनुक्रम, विषय, नोंदीची तारीख यांसाठी रिकाम्या जागा आणि कुणीतरी शाईच्या पेनाने भरलेले आकडे.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री डोंबिवलीत घरी बसून मी हे लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. त्याआधी पन्नास वेळा ते स्क्रोल करून पुढे गेले असेन. स्थळप्रत म्हणजे जागेवर बसून वाचायची प्रत. ती घरी मिळत नाही. कोश, गॅझेटियर, दुर्मिळ पुस्तकं यांवर हा शिक्का असतो. आणि मी तर ती घरीच वाचत होते, रात्री साडेअकराला, गादीवर लोळून. मूळ प्रत जिथल्या कपाटातली, ते ठाणे स्टेशन माझ्यापासून फास्ट लोकलने वीसेक मिनिटांवर.

त्या रात्री मी मिठागरांबद्दल शोधत होते. माझी आजी, म्हणजे आईची आई, भाईंदरची. तिच्या माहेरची माणसं खाडीकाठच्या मिठागरांवर कामाला असत. ती गेली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तिच्याकडून काही विचारून लिहून घ्यावं हे सुचण्याचं माझं वय नव्हतं. सुचलं ते नोकरी लागल्यावर. मग जे सगळे करतात ते मी केलं, शोधत बसले.

हाती तीन प्रकारच्या गोष्टी लागल्या. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, संपूर्ण आणि फुकट. ठाण्याचं लेबल असलेली दोन-तीन जुनी पुस्तकं, तीही फुकट. आणि एका परदेशी नियतकालिकातला अलीकडचा शोधनिबंध, नेमका मला हवा त्या विषयावरचा. त्याचा सारांश तेवढा दिसत होता. पुढे किंमत होती: ३९ डॉलर ९५ सेंट. तेव्हाच्या दराने सव्वातीन हजारांच्या वर.

कॉलेजात असताना असलं कुलूप मला कधी दिसलंच नव्हतं. लायब्ररीने दिलेलं लॉगिन टाकायचं, हवा तो पेपर उतरवायचा, प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटी त्याचं नाव चिकटवायचं. त्यातले निम्मे वाचलेही नाहीत. कुणीतरी त्याचे पैसे भरत असेल असा विचारही कधी मनात आला नाही. निकाल लागला, 'नो ड्यूज'च्या कागदावर लायब्ररीचा शिक्का बसला आणि त्याबरोबर ते लॉगिनही गेलं. खरोखर काही वाचायची इच्छा झाली तोवर मी बाहेर होते.

स्थळप्रतीचा नियम असा की पुस्तक बाहेर जाणार नाही, पण माणूस आत येऊन बसू शकतो. डेटाबेसचा नियम बरोबर उलटा आहे. पुस्तक कुठेही जाईल, अगदी गादीपर्यंत येईल, पण आत कोण येणार हे आधीच ठरलेलं. हा नियम कसकसा उलटत गेला ते शोधताना मला पुन्हा पुन्हा आमच्याच भागातली, मध्य रेल्वेवरची गावं भेटत राहिली.

एकाच वर्षातल्या दोन लायब्रऱ्या

१८६४ हे साल मुंबईच्या इतिहासात कापसाचं साल आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला पोचत नव्हता, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं, राजाबाईचं, नाव द्यावं अशी त्याची इच्छा होती. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात बुडाला. विद्यापीठाचे पैसे मात्र शाबूत राहिले. १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला आणि त्याच्या पायाशी ग्रंथालय आलं.

त्याच १८६४ साली कल्याणात सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. कल्याणला रेल्वे येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची, तिथून पुढे कल्याणपर्यंत ती १८५४ मध्ये गेली. कल्याणच्या वाचनालयामागे कुणी कापसाचा राजा नव्हता. त्या काळातली अशी वाचनालयं गावातले वकील, मास्तर, कारकून, सावकार यांच्या वर्गणीवर चालत. वर्तमानपत्रं आणि थोडी पुस्तकं, एवढाच पसारा.

या दोन लायब्रऱ्यांमध्ये पैशांचा फरक होताच, पण दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक विद्यापीठाची होती, म्हणजे तिथे जाण्यासाठी आधी विद्यापीठाचं कुणीतरी असावं लागे. दुसरीच्या नावातच 'सार्वजनिक' होतं. आज कुठलाही डेटाबेस उघडताना जो प्रश्न विचारला जातो, 'तुमची संस्था कोणती?', तो तेव्हाही होता. कल्याणच्या वाचनालयाने तो विचारायचं नाही असं ठरवलं.

अर्थात 'सार्वजनिक' या शब्दावर फार भाळून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वाचनालयांत बसणारी माणसं बहुतेक शिकलेली, वरच्या जातींतली आणि पुरुष. १८६५ मध्ये, म्हणजे वाचनालय निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, कल्याणात आनंदीबाई जोशी जन्मल्या. डॉक्टर होण्यासाठी त्यांना थेट फिलाडेल्फिया गाठावं लागलं. माझ्या आजीचे पूर्वज तेव्हा भाईंदरच्या खाडीत चिखल तुडवत असतील, त्यांना वाचनालय म्हणजे काय हेही माहीत असण्याचं कारण नाही. तरीही दारावर 'सार्वजनिक' लिहिलेलं असलं की पुढे कधीतरी त्या शब्दाचा हिशेब मागता येतो. विद्यापीठाच्या लॉगिनकडे तसा हिशेब मागता येत नाही.

छापलेलं सगळं

१ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्या पाच वर्षांनंतरचं, १८९८ चं. ठाण्याच्या संस्थेमागचं मुख्य नाव विनायक लक्ष्मण भावे यांचं. तेव्हा ते जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. गंमत म्हणजे भाव्यांच्या घरचा व्यवसाय मिठागरांचा.

वाचनालय आणि ग्रंथसंग्रहालय या शब्दांतच फरक आहे. वाचनालय आज वाचायला पुस्तकं देतं, संग्रहालय ती उद्यासाठी राखतं. मराठीत छापलं गेलेलं पुस्तक, ते कितीही किरकोळ असो, कुठेतरी एका जागी मिळालं पाहिजे, ही त्यामागची कल्पना. आजच्या भाषेत तिला डेटाबेस म्हणता येईल: नोंद करा, क्रमांक द्या, विषय लावा, मागितलं की काढून द्या. लेबलावरच्या त्या रिकाम्या जागा म्हणजे एकेका पुस्तकाचा मेटाडेटाच होता, फक्त तो पेनाने भरलेला.

भाव्यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं, जुन्या मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास. असा इतिहास लिहायला आधी पुस्तकं आणि पोथ्या एका ठिकाणी असाव्या लागतात. जमवणारा आणि लिहिणारा माणूस इथे एकच होता. या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत महानुभावांच्या वाङ्मयाला मोठी जागा मिळाली, आणि महानुभावांची गोष्ट तर थेट कुलपाचीच आहे. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं आणि चिन्हं. पोथी हातात आली तरी किल्ली नसेल तर वाचता येत नसे. ही किल्ली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी उलगडली आणि मराठीतलं शतकानुशतकांचं गद्य-पद्य बाहेरच्या वाचकांसाठी उघडं झालं. हे वाचलं तेव्हा एन्क्रिप्शन शिकवणारे आमचे सर आठवले. त्यांनी सीझर सायफरचं उदाहरण दिलं होतं. सकळ लिपी त्यांना माहीत असती तर वर्गातली अर्धी पोरं जागी झाली असती.

महानुभावांना ग्रंथ लपवावेसे वाटले यामागे श्रद्धा होती, तसंच भयही. आजच्या कुलपामागे करार असतो, आणि त्याची किल्ली अभ्यासाने उलगडत नाही. ती विकत घ्यावी लागते.

कोशांचे पैसे कोण भरतं

शोध घेताना आपण जे संदर्भग्रंथ सहज वापरतो, त्या प्रत्येकामागे कुणीतरी पैसे भरलेले असतात. मराठीत ते निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी भरले.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यामागे सरकार होतं, कारण राज्य करायला प्रजेची भाषा कळावी लागते. जेम्स मोल्सवर्थ आणि कॅंडी बंधू यांच्या हाताखाली शास्त्री-पंडित शब्द गोळा करत होते. दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. कोश साहेबासाठी केला होता, पण पुढची दीडशे वर्षं तो मराठी माणसानेच जास्त वापरला.

त्यानंतरचा प्रयोग श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले, हिंदुस्थानातल्या जातींच्या इतिहासावर प्रबंध लिहून परतले, आणि मराठीत ज्ञानकोश करायचं त्यांनी मनावर घेतलं. सरकार नाही, विद्यापीठ नाही, संस्थानिकाच्या भरवशावर राहणं नाही. त्यांनी नागपुरात ज्ञानकोशासाठी एक लिमिटेड कंपनी काढली. भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले, गावोगाव फिरले. आज आपण ज्याला क्राउडफंडिंग म्हणतो ते शंभर वर्षांपूर्वी एका पीएचडी झालेल्या माणसाने दारोदार जाऊन केलं. काम पुढे पुण्याला हललं. पाच प्रस्तावना खंड धरून एकूण तेवीस खंड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बाहेर पडले. या सगळ्या उलाढालीचा हिशेब केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात मांडून ठेवला आहे. स्टार्टअप काढणाऱ्या मित्रांना मी हे पुस्तक सुचवत असते.

केतकरांच्या हाताखाली तयार झालेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश केला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रकोशाचे तीन खंड काढले. स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, हे काम सरकारने अंगावर घेतलं. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश सुरू झाला. पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसावा २०१५ मध्ये.

यातलं जवळपास सगळं आज कुठल्याही लॉगिनशिवाय वाचता येतं. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात आहेत, शब्द टाकून शोधता येतात. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने युनिकोडमध्ये आणला. विश्वकोश राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आहे. दुसऱ्या अनेक भाषांचे मोठे कोश वर्गणीच्या भिंतीआड असताना मराठीचे उघडे आहेत, ही मला आपल्या भाषेची खरी श्रीमंती वाटते.

पण ही श्रीमंती जुन्या पैशांची आहे. विश्वकोशाच्या सुरुवातीच्या खंडांत गावाची नोंद उघडली तर लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची भेटते. कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली १९८३ मध्ये. ज्या डोंबिवलीत मी राहते ती त्या खंडांच्या नंतर वाढलेली आहे. ज्ञानमंडळांच्या मार्फत नव्या नोंदी ऑनलाइन येतात हे चांगलं आहे, पण कोश एकदा करून संपत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगावं लागत नाही: कोड लिहिणं स्वस्त असतं, सांभाळणं महाग.

ठाण्याचं लेबल जगभर कसं गेलं

या शतकाच्या सुरुवातीला डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. दहा लाख पुस्तकं स्कॅन करायची अशी कार्नेगी मेलनच्या राज रेड्डींची कल्पना, आणि भारतात बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सी-डॅक अशा संस्था त्यात होत्या. देशभरातल्या ग्रंथालयांतून पुस्तकं स्कॅनरखाली गेली. मराठीतली पुष्कळशी पुस्तकं ठाण्याच्या संग्रहातली होती. म्हणून ते लेबल.

स्कॅनिंग घाईचं होतं. कुठे पान तिरकं, कुठे गायब, कुठे चक्क पान धरलेला अंगठा. पुस्तकांची नावं रोमन लिपीत घातलेली, तीही अशा पद्धतीने की 'महाराष्ट्र' शोधायला मधे दोन ए आणि एक अपॉस्ट्रॉफी टाकावी लागे. देवनागरीत शोधलं तर काहीच मिळत नसे. सरकारी आणि विद्यापीठीय मजकुरात दुसरी अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी जो तो आपापल्या फॉन्टमध्ये टाइप करत होता: श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. शोधगंगेवर लाखो प्रबंध मोफत आहेत, त्यात मराठीतलेही कितीतरी. मात्र अशा फॉन्टमधला प्रबंध शोधयंत्राला सापडत नाही. तोही एक प्रकारे सकळ लिपीतच लिहिलेला आहे, फरक इतकाच की कुणी मुद्दाम लपवलेला नाही.

२०१७ च्या सुमारास डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं संकेतस्थळ बंद पडलं. प्रताधिकाराचे प्रश्न पुढे आले होते. त्याआधीच कार्ल मालामुद या अमेरिकन कार्यकर्त्याने त्यातली चार लाखांहून अधिक पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर चढवून ठेवली होती. म्हणून आज ती दिसतात. ठाण्यात वर्गणी काढून जमवलेली पुस्तकं, भारत सरकारच्या पैशांनी स्कॅन झालेली, एका परदेशी माणसाच्या खटाटोपामुळे टिकली. या साखळीतला कुठला दुवा पक्का होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मूळ प्रती ठाण्यात आहेत, ही त्यातल्या त्यात आधार वाटावा अशी गोष्ट.

कुलूप दुरुस्तीला

आता त्या रात्रीच्या गॅझेटियरकडे येते. जेम्स कॅम्बेलने संपादन केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स हे थक्क करणारं काम आहे. ठाण्याच्या गॅझेटियरमधला जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा: आजचा पालघर त्यात, साष्टी त्यात, पनवेलही त्यात. शेती, भाताच्या जाती, बंदरं, जकात, अंबरनाथचं देऊळ, आणि मिठागरं. माझ्या आजीच्या गावाबद्दल मला मिळालेली पहिली छापील माहिती तिथली.

आणि त्याच पुस्तकात जातीजमातींचं प्रकरण. कोण कसे दिसतात, काय खातात-पितात, स्वभावाने कसे आहेत. साहेबाच्या कचेरीत बसून एकेका समाजाला दोन-तीन विशेषणांत बसवलेलं. आगऱ्यांचं वर्णन वाचताना मी दोनदा थांबले. आजी आठवली. पहाटे चारला उठणारी, नातवंडांना हिशेब तोंडी शिकवणारी. त्या परिच्छेदात ती कुठे मावत नव्हती.

ही गॅझेटियर्स कशी लिहिली गेली, माहिती कुणी पुरवली, वर्णनं कुणाच्या नजरेची, यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलंय. पण ते लिखाण बहुतांशी कुठे आहे? डेटाबेसमध्ये, लॉगिनच्या पलीकडे. हे लक्षात आलं तेव्हा मला ३९ डॉलरचा खरा अर्थ कळला. जे जुनं आहे ते प्रताधिकार संपल्यामुळे फुकट झालं. त्याची जी चिकित्सा नंतर झाली, ती विकत आहे. माझ्यासारखी कुणीतरी आपल्या माणसांबद्दल शोधायला जाते तेव्हा तिला १८८२ चा साहेब दार उघडून आत घेतो, आणि त्याचं म्हणणं खोडणारा अभ्यासक दाराआड राहतो. जुन्या ग्रंथालयात निदान दोघे एकाच टेबलावर आले असते.

तिसरा टप्पा

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली आणि जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था ते चालवते. सहा हजार तीनशेच्या वर सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांतले सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक त्याचे लाभार्थी. आजवर प्रत्येक विद्यापीठ वेगवेगळं विकत घेत होतं, ते आता एकत्र घेतलं जातंय. गडचिरोलीच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला पवईच्या आयआयटीतला पेपर त्याच दिवशी वाचता येणं, ही लहान गोष्ट नाही.

पण पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालयं नाहीत. ठाणे ते कर्जत-कसाऱ्यापर्यंत इंजिनिअरिंग शिकणारी बहुसंख्य मुलं खासगी, विनाअनुदानित कॉलेजांत आहेत. आणि जी शिकून बाहेर पडली, ती कुठेच नाहीत. शाळेतले शिक्षक, स्थानिक इतिहास लिहिणारे निवृत्त कारकून, तालुक्याच्या कोर्टातला वकील, आजीबद्दल शोधणारी नात, यांची 'संस्था' कोणती?

योजनेच्या आखणीत तिसरा टप्पा आहे: सार्वजनिक ग्रंथालयांतल्या ठरावीक केंद्रांवरून सर्व नागरिकांना वाचता येईल असा. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून सार्वजनिक ग्रंथालयातल्या संगणकावर बसून शोधनिबंध मोफत वाचण्याची सोय प्रकाशकांनीच करून दिली. तिथली कितीतरी ग्रंथालयं आपल्या सभासदांना कार्डाच्या क्रमांकावर ऑक्सफर्डचा चरित्रकोश घरूनही वाचू देतात. विद्यापीठांशी होणाऱ्या बऱ्याच करारांतही प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या वाचकाला मुभा असते. म्हणजे प्रकाशकांनाही स्थळप्रत ही कल्पना मान्य आहे. पुस्तक बाहेर नेऊ नका, आत येऊन वाचा.

महाराष्ट्राने १९६७ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. जागा आहे, टेबलं आहेत, दिवसभर दार उघडं ठेवणारी माणसं आहेत. बऱ्याच ठिकाणी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसलेली असतात आणि वायफायही असतं. तिसऱ्या टप्प्याची केंद्रं निवडायची वेळ येईल तेव्हा यादीत कल्याण आणि ठाणे असावीत, एवढं तरी आपण आपापल्या ग्रंथालयाच्या सभेत उठून मागू शकतो. सभासद असलो तर. मी गेल्या वर्षी सभासद झाले.

त्या शोधनिबंधाचं पुढे काय झालं ते सांगते. मी लेखिकेला मेल केला. दोन ओळी, आजीबद्दल एक. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, सोबत चार ओळींचं प्रेमळ पत्र. अभ्यासक बहुधा असंच करतात. पण हा मेल इंग्रजीत लिहावा लागतो, आणि असा मेल लिहायचा असतो हे आधी माहीत असावं लागतं. मला दोन्ही जमलं ते कॉलेजमुळे.

त्याची प्रिंट काढून मी भाईंदरला आजीच्या भावाकडे गेले. मामाआजोबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. मिठागराचा नकाशा असलेल्या पानावर त्यांनी मला थांबवलं. खाडीचं पाणी आत घेण्याची वाट नकाशात दाखवलीय तशी नव्हती, दुसऱ्या अंगाने होती, असं म्हणाले आणि माझ्याकडून पेन्सिल घेऊन बाण काढला. मग अजून दोन ठिकाणी काढला. मी निघताना प्रिंट उचलायला गेले, तर नको म्हणाले. शेजारचे दोघेतिघे जुने कामगार आहेत, त्यांना दाखवायचीय, ज्याला बघायचंय त्याने इथे येऊन बघावं. ती प्रत अजून त्यांच्याकडेच आहे. लेखिकेला मी त्या बाणांचे फोटो पाठवलेत.